पट्ट्याच्या या टोकाला

भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. दत्तसंप्रदाय या अवधूताला दत्तात्रेय मानतो, आणि एकनाथांच्या भागवतामुळे ही यादी मराठी घरांत शेकडो वर्षं वाचली जाते आहे. पृथ्वी, वारा, आकाश यांच्या जोडीला तीत कितीतरी जीव आहेत. रानातला कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी, आणि आळीला घरात कोंडणारी कुंभारीण माशी. पाळलेला मात्र एकही नाही. कुत्रा नाही, मांजर नाही, गाय नाही, पिंजऱ्यातला पोपट नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, मागे गाय उभी असते, तरी गुरूंच्या यादीत त्यांना जागा नाही.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अवधूत ज्यांच्याकडून शिकला त्यांतल्या कोणाचाही तो मालक नव्हता. अजगराला त्याने टोपलीत ठेवलं नाही, कपोताचे पंख छाटले नाहीत. ते आपापलं आयुष्य जगत होते आणि हा बघत होता. त्याने काढलेला अर्थ चुकला असता तरी अजगराचं काही बिघडणार नव्हतं.

आज आपण प्राण्यांकडून धडे घेतो ते बहुतेक आपल्या घरातल्या प्राण्यांकडून. प्रवचनात, शाळेच्या परिपाठात, सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारात ते भेटतात. कुत्रा वर्तमानात जगतो, तसं जगा. मांजर घरात राहून अलिप्त असते, तसं व्हा. पोपटाच्या पिंजऱ्याचं दार उघडलं तरी तो उडत नाही, कारण पिंजरा त्याच्या मनात असतो. तुमचाही तसाच आहे. ऐकायला हे छान वाटतं आणि सांगणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. पण ज्याला आपणच बांधलं आहे त्याच्याकडून मुक्तीचा धडा घ्यायचा असेल, तर पट्ट्याचं जे टोक आपल्या हातात आहे तिथून सुरुवात करायला हवी, असं माझं म्हणणं आहे. ती तशी केली नाही की धडा खोटा होतो. आणि तो खोटा धडा प्राण्यापाशी थांबत नाही, पुढे माणसांनाही ऐकवला जातो.

पोपटाचं आधी बघू, कारण या विषयातला सगळ्यात सुंदर मराठी दृष्टान्त त्याचाच आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तो येतो. पोपट धरण्यासाठी टांगलेल्या नळीवर पोपट येऊन बसतो. त्याच्याच अंगाच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा लटकतो. पाय मोकळे आहेत, उडून जायचं एवढंच बाकी आहे. पण त्याला वाटतं आपण अडकलो. तो मान पिळतो, छाती आवळतो, नळी आणखी घट्ट धरतो. 'म्हणे बांधला मी फुडा', आणि या समजापायी अर्धा तोडून नेला तरी तो नळी सोडत नाही. कोणी बांधलेलं नसताना बांधलं गेल्याची भावना माणसाला कशी धरून ठेवते, हे इतक्या थोडक्या शब्दांत इतकं नेमकं क्वचितच कोणी सांगितलं असेल.

पण माउली हे कोणत्या श्लोकावर बोलत आहेत? आपणच आपला उद्धार करावा, आपणच आपले बंधू आणि आपणच आपले शत्रू, या श्लोकावर. ऐकणारा अर्जुन आहे: राजपुत्र, धनुर्धर, हातापायांत बळ असलेला, ज्याला रणांगणावर कोणी साखळीने आणलेलं नाही. हा दृष्टान्त ऐकणाऱ्याने स्वतःला लावून बघायचा आहे. म्हणून तर नळी टांगणारा माणूस त्यात कुठेच नाही. त्याची तिथे गरजच नाही. मी माझ्या अहंकाराविषयी, माझ्या भीतीविषयी विचार करत असेन तेव्हा हा पोपट मला उपयोगी पडतो. मी दुसऱ्याच्या पिंजऱ्यासमोर उभा राहून तोच दृष्टान्त त्याला ऐकवायला लागलो की मात्र गोष्ट बदलते. तेव्हा पहिला प्रश्न असा येतो की नळी टांगली कोणी. आणि पुष्कळदा टांगणारा सांगणाऱ्याच्याच घरातला निघतो.

आता ज्ञानेश्वरीतला पोपट बाजूला ठेवून आपल्या गॅलरीतला पोपट बघू. तो तिथे आला कसा? पोपट झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिलं मोठी होत असतात तेव्हा ढोलीत हात घालून ती काढली जातात, उडायला शिकण्याआधीच. मग पोत्यांतून, खोक्यांतून शहरात येतात. त्यांतली कितीतरी वाटेतच मरतात. जे वाचतं ते गल्लीतल्या दुकानातून कोणाच्या तरी घरी जातं आणि मिठू होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपला देशी पोपट धरणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे, हे बऱ्याच घरांना माहीतही नसतं. सुशिक्षित, सज्जन, रोज हरिपाठ म्हणणाऱ्या घरांत मी असे पिंजरे पाहिले आहेत, आणि त्यांचा पोपटावर जीव असतो यातही मला शंका नाही.

हा पोपट 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतो तेव्हा आलेगेले कौतुक करतात. पोपट हा थव्याचा पक्षी आहे. संध्याकाळी शेकडोंनी एका झाडावर उतरणारा, दिवसभर एकमेकांना साद घालत फिरणारा. आजूबाजूच्यांचे आवाज उचलणं ही त्याची थव्यात सामील होण्याची रीत आहे. रानातल्या पोपटाला माणसाचे शब्द उचलायची गरज पडत नाही. पिंजऱ्यातल्याला दुसरा थवाच नसतो, म्हणून तो आपल्याला थवा मानतो आणि आपल्या शब्दांत साद घालत राहतो. त्याला भक्ती म्हणायचं तर म्हणा. मला ती एकट्या पडलेल्या जिवाने मारलेली हाक वाटते. असे एकटे पोपट कधी कधी स्वतःची पिसं उपटायला लागतात, तेव्हा मात्र त्यातून कोणी धडा काढत नाही.

आणि दार उघडल्यावर तो उडत का नाही? कारण त्याला उडता येत नाही. आयुष्यभर न वापरलेले पंखांचे स्नायू त्याला छपरापलीकडे नेऊ शकत नाहीत. कुठलं फळ खायचं, घारीची सावली कशी ओळखायची, रात्री कुठे बसायचं, हे जे थव्याने शिकवायचं असतं ते त्याला कोणीच शिकवलेलं नसतं. खिडकीबाहेर कावळे असतात. अशा पोपटाने दारात थबकणं हा त्याच्या मनाचा दुबळेपणा नाही. त्याला स्वतःबद्दल जे ठाऊक आहे ते खरं आहे. त्याच्या भीतीला आधार आहे. सणावाराला पुण्य म्हणून मुनिया विकत घेऊन सोडणारे लोकही इथेच चुकतात. दमलेले, उपाशी, कधी रंग फासलेले पक्षी आकाशात फेकले जातात आणि सोडणारा हात जोडून निघून जातो. पैसे मिळाले म्हणून पक्षी धरणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळं लावतो. दार उघडणं हे मुक्ती देण्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. म्हणून ते करायला सगळे पुढे येतात.

याबद्दल कुत्र्यांनी आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवली आहे. ती त्यांच्याकडून फार क्रूर रीतीने वदवून घेतली गेली, म्हणून तिचा अर्थ तरी नीट लावणं हे आपलं त्यांच्याप्रती देणं आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. एका गटाला नाकाने किंवा डोक्याने एक फळी दाबून धक्का थांबवता येत होता. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के, पण त्याने काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक खाली बसून राहिले आणि विव्हळत धक्के सोसत राहिले.

हा प्रयोग जगभर गाजला. शिकलेली असहायता असं त्याला नाव पडलं आणि व्यवस्थापनाच्या वर्गापासून सत्संगापर्यंत सगळीकडे तो पोचला. बघा, सुटका समोर होती पण मनाने हार मानली होती, असं सांगितलं जातं. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते खरा धडा तिथे आहे. या कुत्र्यांना सावरायचं कसं हे संशोधकांनी नंतर शोधलं. त्यांनी हाका मारल्या. पलीकडे खाऊ टाकला. मधला अडथळासुद्धा काढून टाकला. कुत्रे हलले नाहीत. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना हळूहळू ओढत पलीकडे नेलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ओढायला लागणारा जोर कमी कमी होत गेला आणि मग एका क्षणी कुत्रा आपण होऊन पलीकडे गेला. त्यानंतर त्याला ओढावं लागलं नाही. आणखी एक गोष्ट दिसली होती. ज्या कुत्र्यांना आधी कधीतरी आपल्या कृतीने धक्का थांबतो याचा अनुभव मिळाला होता, ते नंतरच्या न थांबणाऱ्या धक्क्यांनीही खचले नाहीत.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी आपला सिद्धान्त स्वतःच उलटा केला. मधल्या काळात उंदरांच्या मेंदूवर झालेल्या कामातून त्यांना दिसलं होतं की लांबलेल्या यातनेत गोठून जाणं हे जिवाला शिकावं लागत नाही. मेंदूचा तो मूळचाच प्रतिसाद आहे. शिकावं लागतं ते याच्या विरुद्ध: माझ्या करण्याने काही बदलतं, ही जाणीव. ती मेंदूच्या पुढच्या भागात अनुभवाने तयार होते आणि खालच्या गोठवणाऱ्या केंद्रांना आवरते. पहिली पन्नास वर्षं ज्याला मनाची हार म्हटलं गेलं, ती हार नव्हतीच. तिथे काहीतरी घडायचं राहून गेलं होतं.

अध्यात्मात रस असणाऱ्याने यावर विचार करावा असं मला कळकळीने वाटतं. मुक्ती ही आत आधीच असते, फक्त पडदा दूर करायचा, असं आपण ऐकत आलो. ब्रह्मज्ञानाच्या पातळीवर ते खरं असेलही, त्यात मला पडायचं नाही. पण जीव जिथे राहतो त्या पातळीवर स्वातंत्र्य हे घडवावं लागतं. लहान लहान कृतींतून, आणि सुरुवातीला कोणाच्या तरी सोबतीने. ज्या सहाव्या अध्यायात नळीवरचा पोपट आहे त्याच अध्यायात पुढे अर्जुन विचारतो की वाऱ्यासारखं हे मन आवरायचं कसं. श्रीकृष्ण त्याला 'पिंजरा तुझ्या मनात आहे' असं म्हणून सोडून देत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य, असं उत्तर देतात. त्यातला अभ्यास आधी आहे. कुत्र्याला पुन्हा पुन्हा पलीकडे नेणारी ती दोरी मला अभ्यासाच्या जवळची वाटते. गळ्यातली प्रत्येक दोरी बंधनच असते असं नाही. ती धरणारा कुठे नेतो आहे आणि पुढे तिची गरज संपू देणार आहे का, यावर सगळं ठरतं.

मग पाळणाऱ्याचं काय? आपल्या परंपरेत पाळलेल्या प्राण्याची एक मोठी कथा आहे आणि ती पाळणाऱ्याबद्दल आहे. राजा भरत सगळं राज्य सोडून गंडकीकाठी तप करत होता. सिंहाच्या गर्जनेने घाबरलेल्या हरिणीने नदी ओलांडायला झेप घेतली, तिचं पाडस प्रवाहात पडलं आणि ती मेली. भरताने पाडस उचलून आणलं, वाढवलं. मग त्याचं जप-तप मागे पडलं. पाडस दिसलं नाही की त्याचा जीव कासावीस व्हायचा. मरताना डोळ्यांसमोर तेच होतं, म्हणून पुढचा जन्म हरणाचा आला, आणि त्यानंतरच्या जन्मात तो जडभरत झाला.

कीर्तनात या कथेचं तात्पर्य ठरलेलं असतं: साधकाने माया लावून घेऊ नये. मला ते पटत नाही. बुडतं पाडस उचलणं ही चूक असती तर भूतदयेला काही अर्थच उरला नसता. नामदेव कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली. या गोष्टी आपण मुलांना मोठ्या प्रेमाने सांगतो. भरताचं चुकलं ते दुसरीकडे. विष्णुपुराणात ही कथा सांगताना म्हटलं आहे की ते हरीण सकाळी लांब लांब चरायला जायचं आणि संध्याकाळी आश्रमात परत यायचं. म्हणजे हरीण मोकळं होतं. त्याला दावं नव्हतं, कुंपण नव्हतं. जाणं-येणं त्याच्या मर्जीचं होतं. बांधलेला होता तो भरत. हरणाच्या गरजेपोटी सुरू झालेली माया हळूहळू त्याच्या स्वतःच्या गरजेची झाली होती.

आजचा पाळणारा भरतापेक्षा बांधलेला आहे, आणि त्याने प्राण्यालाही मोकळं ठेवलेलं नाही. एकटेपणा वाढला आहे, मुलं परदेशी आहेत, घरं लहान आहेत. अशा घरांत कुत्रा किंवा मांजर खरोखर आधार होतात आणि त्याची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. पण या आधारासाठी प्राण्याला काय मोजावं लागतं तेही बघितलं पाहिजे. थंड प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा नागपूरच्या मे महिन्यात चौथ्या मजल्यावर ठेवला जातो. वाढदिवसाला त्याला कपडे चढवतात. फिरायला नेलं की घाई असते, म्हणून तो कुठे हुंगायला थांबला की पट्ट्याला हिसका बसतो. कुत्र्यासाठी हुंगणं म्हणजे जग जाणून घेणं. २०१९ सालच्या एका अभ्यासात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे रोज नाकाने शोधायचे खेळ दिले आणि दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ मालकाच्या पायाशी चालायचा सराव दिला. नंतर दोन्ही गटांपुढे अशी वाटी ठेवली जिच्यात खाऊ आहे की नाही ते कळत नव्हतं. नाक वापरू दिलेले कुत्रे पूर्वीपेक्षा जास्त आशेने तिच्याकडे गेले. कसरत दोन्ही गटांची झाली होती. फरक एवढाच की एका गटाला स्वतः शोधायची मोकळीक होती.

कुत्रा वर्तमानात जगतो असं म्हणणाऱ्याने त्याला त्याच्या वर्तमानात दोन मिनिटं उभं तरी राहू द्यावं.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर एक कुत्रा चालतो. हस्तिनापुराहून पांडव निघाले तेव्हापासून तो मागे आहे. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडतात, कुत्रा राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. या कथेत आपण युधिष्ठिराची निष्ठा बघतो आणि ती मोठी आहेच. मला त्या कुत्र्याचं चालणंही तेवढंच मोठं वाटतं. त्याला कोणी बांधून आणलं नव्हतं. हिमालयाच्या त्या वाटेवर कुठल्याही वळणाला तो मागे फिरू शकत होता. म्हणून त्याच्या सोबतीला मोल आहे आणि म्हणून युधिष्ठिराला ती टाकता आली नाही. आपल्या घरातला प्राणी आपल्याजवळ येतो त्याचा अर्थ आपल्याला तेव्हाच कळेल, जेव्हा त्याला दूर जायचीही सोय असेल: लपायला एक कोपरा, नको असताना उचललं न जाण्याची हमी, पाहुण्यांच्या मांडीवर न बसण्याची मुभा. मांजर पाळणाऱ्यांना हे लवकर समजतं, कारण मांजर ते समजावूनच देते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात. त्या दिवशी नांगर नाही, चाबूक नाही. आणि त्याच सणाला नवी वेसण आणि नवा कासराही येतो. शेतकऱ्याचं प्रेम खरं आहे आणि वेसणही खरी आहे, दोन्ही एकाच हातात आहेत, आणि शेतकरी ते लपवत नाही. शहरातल्या पाळणाऱ्याने एवढा प्रामाणिकपणा तरी त्याच्याकडून घ्यावा.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. मोकळीक म्हणजे पट्टा काढून रस्त्यावर सोडायचं का? नाही. शहरात गाड्या आहेत, आणि रेबीज झाला की त्यावर उपचार नाही. पट्टा, लसीकरण, निर्बीजीकरण ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना आधी निवाऱ्यांत हलवायला सांगितलं आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलून, रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे वगळता बाकीच्यांना नसबंदी आणि लस देऊन त्याच भागात परत सोडायला सांगितलं. तेव्हा झालेल्या वादात एक बाजू कुत्र्यांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत होती आणि दुसरी मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि परत सोडण्याचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, पण एका अटीवर: नसबंदी आणि लस कागदावर न राहता प्रत्येक वस्तीत व्हायला हवी. चावा बसतो तो बहुतेक वेळा पायी चालणाऱ्याला, गाडीतून जाणाऱ्याला नाही. त्याच्या भीतीला मनाचा पिंजरा म्हणायचा अधिकार कोणालाही नाही.

आणि आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला ते. पोपटाची उघड्या दाराची गोष्ट माणसांना सांगितली जाते. सासरी छळ होणाऱ्या मुलीला सांगितली जाते, बारा तास राबूनही पगार न मिळणाऱ्याला सांगितली जाते, जातीवरून घर नाकारलं गेलेल्या भाडेकरूला सांगितली जाते. बंधन बाहेर नसतंच, मनात असतं. हे ऐकून तो माणूस गप्प होतो, कारण त्याला वाटतं आपल्याच मनात काही कमी आहे.

महाराष्ट्राला हे ऐकून गप्प बसण्याचं कारण नाही, कारण आपल्याकडे महाड घडलं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं झाल्याचा ठराव केला. कागदावर दार उघडं होतं. गुरं तिथे पाणी पीत होती, कुत्री पीत होती. अस्पृश्यांना मात्र पिता येत नव्हतं. त्यांच्या मनात पिंजरा होता म्हणून नव्हे. प्यायला गेलो तर डोकी फुटतील हे त्यांना माहीत होतं, आणि ते खरंच होतं: २० मार्च १९२७ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. तळ्याचं नंतर शुद्धीकरण करण्यात आलं. कोर्टातला निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. १९३१मध्ये मुंबईत मणिभवनात गांधीजींना भेटले तेव्हा बाबासाहेबांनी विचारलं होतं की जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांपेक्षा वाईट वागवतात, प्यायला पाणी देत नाहीत, त्या भूमीला मी मायभूमी कशी म्हणू.

कुत्र्यामांजरांच्या वागण्यातून माणसांना स्वातंत्र्य शिकवायला निघालेल्या प्रत्येक मराठी वक्त्याने हे वाक्य आधी आठवावं. माणसाची पशूशी तुलना मला करायची नाही. तशा तुलनेतला अपमान या भूमीवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. माझं म्हणणं सांगणाऱ्याला उद्देशून आहे. दुसऱ्याच्या बंधनाबद्दल बोलताना आधी बाहेरचं बघायचं: कोण बांधतं आहे, कशाने, सुटायला गेल्यावर काय होतं. ते बघून झाल्यावर, आणि शक्य असेल तर त्याच्याबरोबर तळ्यापर्यंत चालून झाल्यावर, मनाबद्दल बोलावं. स्वतःबद्दल बोलताना मात्र खुशाल मनापासून सुरू करावं. ज्ञानोबांचा पोपट तिथेच बसतो.

राहिला आपल्या गॅलरीतला पोपट. हे वाचून कोणी उठून पिंजऱ्याचं दार उघडू नये. वनविभागाची हॅलो फॉरेस्ट ही मदतवाहिनी आहे, १९२६ या क्रमांकावर. तिथे सांगितलं की पक्षी ताब्यात घेऊन उपचार केंद्राकडे देण्याची व्यवस्था होते. तिथे तो मोठ्या जाळीच्या दालनात बाकीच्या पोपटांबरोबर राहतो, पंखांना बळ येईपर्यंत उडायचा सराव करतो, आणि जमण्यासारखं असेल तर थव्याने सोडला जातो. सगळ्यांना नाही जमत. पंख कायमचे गेलेल्यांना तिथेच आपल्या जातीच्या सोबतीत राहावं लागतं, आणि तेही गॅलरीतल्या एकटेपणापेक्षा पुष्कळ बरं. घरातली मुलं रडतील, आजी नाराज होईल. मुलांना 'तो देवाघरी गेला' किंवा 'उडून गेला' असं सांगू नका. तो कुठल्या ढोलीतून काढला गेला, आपण तो विकत का घेतला, आणि आता त्याला उडायला शिकवणारी माणसं कोण आहेत, हे सगळं सांगा. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते समजतं.